हाती पैसा कमी असताना मुलांना घरी शिकवायचं असेल तर: पहिल्या दिवसापासूनचं नियोजन

होमस्कूलिंगचं मनात आलं की पालक पहिल्यांदा विचारतात ते हे: कोणता अभ्यासक्रम विकत घेऊ? पैसा मोजका असेल तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. घरी शिकवताना खऱ्या अर्थाने खर्च होतो तो एका मोठ्या माणसाचा वेळ आणि त्याचं लक्ष. पुस्तकं, साहित्य, व्हिडिओ, सरावाचे प्रश्न यांतलं बरंचसं फुकट, उसनं किंवा जुनं मिळतं. म्हणून या लेखातलं सगळं नियोजन एकाच गोष्टीभोवती आहे: तुमचे जे दोन-तीन तास मुलाजवळ बसण्यात जाणार आहेत, ते आधी सांभाळा. पैसा त्यानंतर, आणि मोजून-मापून.

असं म्हणायला आधारही आहे. शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली मांडलं होतं की एका विद्यार्थ्याला एक शिक्षक मिळाला आणि एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची घेतली नाही, तर सर्वसाधारण मूलही नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातं. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम इतका मोठा दिसला नाही. २०११ साली संशोधक कर्ट व्हॅनलेन यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा तो बराच कमी भरला, पण तरीही चांगला ठसठशीत होता. जवळ बसून शिकवणारं माणूस हीच घरच्या शिक्षणाची सगळ्यात मोठी ताकद आहे, आणि ती कमी उत्पन्नाच्या घरातही असू शकते.

आधी कायदा, मग परीक्षा

या दोन गोष्टी कळेपर्यंत मुलाचं नाव शाळेतून काढू नका.

देशागणिक कायदा वेगळा असतो. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे आणि घरी शिकवण्याची परवानगी जवळपास मिळतच नाही. इंग्लंडच्या १९९६च्या शिक्षण कायद्यानुसार मुलाला योग्य शिक्षण मिळेल हे पाहणं पालकांचं कर्तव्य आहे, मग ते शाळेत मिळो किंवा अन्य मार्गाने. अमेरिकेत पन्नासही राज्यांत होमस्कूलिंग कायदेशीर आहे, पण काही राज्यांत साधं कळवावंही लागत नाही, तर न्यू यॉर्कसारख्या राज्यात दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो. तुम्ही राहता तिथला नियम सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. पाहायच्या गोष्टी अशा: कुठे कळवायचं, कोणते विषय सक्तीचे आहेत, कोणत्या नोंदी ठेवायच्या, मधूनच कुणी तपासायला येतं का, आणि पुढे मुलाला परत शाळेत घालायचं झालं तर काय लागतं. शेवटचा मुद्दा लोक विसरतात, आणि नेमका तोच पुढे आडवा येतो.

परीक्षेचंही तसंच. मूल आज सहा वर्षांचं असलं तरी शालान्त पातळीची परीक्षा बाहेरून कशी देता येते, हे आत्ताच विचारून ठेवा. किमान वय किती, प्रात्यक्षिकं कुठे करावी लागतात, परीक्षा केंद्र किती लांब आहे आणि शुल्क किती आहे? बाहेरून बसणाऱ्या विद्यार्थ्याला शुल्क, परीक्षा केंद्राने आकारलेले पैसे आणि प्रवास हे सगळं एकदम भरावं लागतं, आणि कमी पैशांत चाललेल्या घरी हाच एका वर्षातला सगळ्यात मोठा खर्च ठरू शकतो. तो आजपासून थोडा थोडा बाजूला टाकला तर ऐन वेळी ओढाताण होत नाही.

खर्चाचा खरा हिशोब

कागदाच्या एका बाजूला वाचणारा खर्च लिहा: शुल्क, गणवेश, वाहन, शिकवणी, दर वर्षीच्या नव्या पुस्तकांचे संच. दुसऱ्या बाजूला वाढणारा खर्च: इंटरनेट, छपाई, दिवसभर घरात लागणारी वीज, मूल घरी असल्याने वाढणारं किराणा बिल, परीक्षा शुल्क. मग सगळ्यात मोठी रक्कम लिहा, जी बहुतेक हिशोबांत नसतेच: मुलाजवळ राहण्यासाठी घरातल्या कुणाचं उत्पन्न कमी होणार आहे, आणि किती.

हा आकडा पाहून अनेकांना वाटतं की आपल्याला हे जमणार नाही. थांबा. शाळेचे सहा तास म्हणजे घरचे सहा तास नव्हेत. वर्गात हजेरी, वाट पाहणं, शिस्त, फळ्यावरून उतरवून घेणं यात बराच वेळ जातो. घरी सहा-सात वर्षांच्या मुलाला रोज दीड ते दोन तास जवळ बसून शिकवलं तर पुरतं, असं माझं मत आहे. दहा-अकराव्या वर्षी तीन तास, आणि चौदानंतर मूल चार-पाच तास अभ्यास करेल, पण त्यात तुम्ही तासभरच लागाल. हे तास सकाळीच हवेत असंही नाही. दोघांची कामाची वेळ वेगवेगळी असेल तर एकाने गणित घ्यायचं, दुसऱ्याने संध्याकाळी वाचन. आजी-आजोबा घरात असतील तर मोठ्याने वाचून दाखवणं आणि वाचलेलं ऐकून घेणं हे काम त्यांच्याकडे आनंदाने देता येतं. नोकरी पूर्ण सोडण्याआधी हे वाटप निदान कागदावर तरी करून पाहा. एकट्या पालकाला हे अधिक कठीण आहे. तिथे आधी मुलाला दिवसभर सांभाळणारं भरवशाचं माणूस शोधावं लागतं, शिकवण्याचा प्रश्न त्यानंतर.

पहिला महिना: काहीही विकत घ्यायचं नाही

घरी शिकवायला सुरुवात करताना धास्ती वाटते, आणि धास्तीपोटी खरेदी होते. रंगीत संच, वर्षभराचं सभासदत्व, वीस कार्यपुस्तिका. त्यांतलं निम्मं दोन महिन्यांत धूळ खातं, कारण मूल नेमकं कुठे आहे हे पाहायच्या आतच ते घेतलेलं असतं.

पहिल्या महिन्यात एवढंच करा. एखाद्या शिक्षण मंडळाचा अधिकृत अभ्यासक्रम उतरवून घ्या. मंडळं तो सहसा संकेतस्थळावर मोफत ठेवतात. त्यातून तुमच्या मुलाच्या इयत्तेचं भाषा आणि गणित एवढंच एका पानावर आपल्या शब्दांत लिहा: वर्षअखेरीस याला काय काय यायला हवं. मग मागच्या इयत्तेच्या पुस्तकातून प्रत्येक धड्याखालचे दहा प्रश्न द्या. आठ किंवा जास्त बरोबर आले तर तो भाग सोडून द्या. कमी आले तर तुमची सुरुवात तिथून. मूल पाचवीत असेल आणि तिसरीचा भागाकार कच्चा निघाला तर तिसरीचा भागाकारच घ्यायचा. शाळेत हे करता येत नाही, घरी येतं, आणि यासाठी वेगळा पैसा लागत नाही.

या महिन्यात आणखी एक काम करा: मुलाचे डोळे आणि कान तपासून घ्या. वाचायला कंटाळणाऱ्या मुलासाठी वाचनाचे महागडे कार्यक्रम घेतले जातात आणि पुढे कळतं की त्याला जवळचं नीट दिसतच नव्हतं. या तपासणीत काटकसर नको.

वाचन: इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या

एकच विषय नीट शिकवायला जमणार असेल तर तो वाचन असू द्या. ज्या मुलाला वाचता येतं आणि वाचावंसं वाटतं, त्याला दहाव्या वर्षापासून पुढे बरंचसं स्वतःचं स्वतः शिकता येतं. तुमचा वेळही तिथूनच मोकळा होऊ लागतो.

लहान मुलासाठी जुन्या खोक्याचे चौकोन कापा आणि त्यावर अक्षरं लिहा. लिपी कोणतीही असो, तत्त्व एक: चिन्ह दिसलं की ध्वनी आठवला पाहिजे. रोज दोन-तीन नवी चिन्हं, कालची चार जुनी, आणि लगेच त्यांतून बनणारे शब्द. देवनागरीत आधी सोपी अक्षरं, मग काना, मग एकेक मात्रा घ्या. सगळी मुळाक्षरं पाठ होईपर्यंत शब्दांची वाट पाहायची नाही. मातृभाषेत वाचता आलं की दुसऱ्या भाषेचं वाचन सोपं जातं, म्हणून पहिलं वाचन घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेत असावं.

याच्या जोडीला रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचून दाखवा, अगदी मूल स्वतः वाचू लागल्यावरही. स्वतःला वाचता येतं त्यापेक्षा अवघड भाषा मूल ऐकून समजू शकतं, आणि शब्दसंपत्ती त्यातून वाढते. धाकटं-थोरलं सगळ्यांना एकत्र बसवता येतं, हाही मोठा फायदा.

पुस्तकं कुठून आणायची? सार्वजनिक ग्रंथालयाचं सभासदत्व हा पहिला खर्च, आणि तो नक्की करावा. ग्रंथपालांशी ओळख करून घ्या. मुलाला काय आवडतं हे त्यांना सांगा, नवी पुस्तकं घेताना मागणी नोंदवता येते का ते विचारा. घरबसल्या वाचायला प्रोजेक्ट गुटेनबर्ग आहे. १९७१ साली मायकेल हार्ट यांनी सुरू केलेल्या या संग्रहात सत्तर हजारांहून जास्त पुस्तकं मोफत आहेत. ती स्वामित्वहक्काची मुदत संपलेली असल्याने जुनी आहेत आणि बहुतेक इंग्रजीत आहेत. त्याच प्रकारची पुस्तकं स्वयंसेवकांच्या आवाजात ऐकायची असतील तर २००५ पासूनचं लिब्रिव्हॉक्स. लहान मुलांसाठी मला सगळ्यात उपयोगाचं वाटतं ते स्टोरीवीव्हर. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या या व्यासपीठावर अनेक भाषांतल्या सचित्र गोष्टी मोफत आहेत, मराठीतही आहेत, आणि त्या वाचनाच्या पातळ्यांनुसार लावलेल्या आहेत.

आता वाचून झाल्यावर काय? कार्यपुस्तिका भरून घेऊ नका. पुस्तक मिटा आणि मुलाला म्हणा, "आता तू सांग." इंग्लंडमधल्या शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांची सगळी पद्धत या परत सांगण्यावर उभी होती. एकदाच वाचायचं आणि मुलाने आपल्या शब्दांत सांगायचं. सुरुवातीला मूल दोन वाक्यांवर थांबेल. हरकत नाही. मध्ये टोकू नका, चुका नंतर दुरुस्त करा. सहा-आठ महिन्यांत तेच मूल सलग पाच मिनिटं बोलतं, आणि दहाच्या आसपास हेच सांगणं लिहायला लावलं की निबंध वेगळा शिकवावा लागत नाही. यामागचं कारण आता प्रयोगांतूनही दिसलं आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, दुसऱ्याला तो न पाहता आठवायला लावला. पाच मिनिटांनी पाहिलं तर वाचणारा गट पुढे होता. आठवड्याने पाहिलं तर आठवणारा.

गणित: रोज, थोडं, हाताने

गणितात खाडे चालत नाहीत. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोज पंचवीस मिनिटं बरी.

साहित्यात काड्या, रबर बँड, बिया, पत्ते, फासे आणि कागदाच्या पट्ट्या एवढं असलं की पहिली पाच वर्षं निघतात. दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधा. आता ४२ मधून १७ वजा करायचे आहेत. मुलासमोर चार जुड्या आणि दोन सुट्या काड्या. त्याला सात सुट्या द्यायच्या आहेत, पण हातात दोनच आहेत. काय करशील? थोडा वेळ जाऊ द्या. मूल स्वतःच एक जुडी सोडतं. आता तीन जुड्या, बारा सुट्या. सात काढल्या, पाच उरल्या. एक जुडी काढली, दोन उरल्या. पंचवीस. हे पंधरा-वीस वेळा हाताने केल्यावरच वहीत मांडायचं, आणि जुडी सोडली त्या क्षणी दशकाच्या घरातला चार खोडून तीन लिहायचा. 'हातचा' म्हणजे नेमकं काय झालं हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. आधी वस्तू, मग चित्र, मग आकडे हा क्रम प्रत्येक नव्या कल्पनेला लावा.

अपूर्णांकांसाठी एकाच लांबीच्या कागदी पट्ट्या कापा. एक अखंड ठेवा, एकीची घडी घालून दोन भाग करा, एकीचे चार, एकीचे आठ. दुसऱ्या संचात तीन आणि सहा. एकाखाली एक ठेवल्या की अर्धा म्हणजे दोन चतुर्थांश म्हणजे तीन षष्ठांश हे मुलाला दिसतं. छेद सारखे का करायचे, हा प्रश्न मग उरत नाही.

आठ-नऊ वर्षांनंतर एक चांगलं, उत्तरं असलेलं पाठ्यपुस्तक हवं. जुनं घ्या, पण दोन गोष्टी तपासा: मागच्या मुलाने पेनने उत्तरं लिहिलेली नाहीत ना, आणि उत्तरांची पानं शाबूत आहेत ना. पुस्तकात लिहायचं नाही, सगळं वहीत किंवा पाटीवर. धाकट्यासाठी तेच पुस्तक वापरता येतं. समजावून सांगणं तुम्हाला जड जात असेल तर खान अकॅडमी आहे. सॅल खान यांनी २००८ साली स्थापन केलेली ही ना-नफा संस्था व्हिडिओ आणि सराव दोन्ही मोफत देते. भूमितीसाठी जिओजिब्रा हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. त्रिकोणाचा एक कोपरा ओढला की तिन्ही कोनांची मापं बदलतात, पण बेरीज १८० अंशच राहते, हे मुलाला स्वतः करून पाहता येतं.

पाठांतराच्या गोष्टींसाठी, म्हणजे पाढे, शब्दार्थ, सूत्रं यांसाठी, एक खोकं तयार करा. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाऊस यांनी १८८५ साली दाखवलं की शिकलेलं आधी झपाट्याने आणि मग सावकाश विसरलं जातं. म्हणजे उजळणी सुरुवातीला लगोलग आणि नंतर लांब अंतराने हवी. जर्मन विज्ञान पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये यावर साधा उपाय लोकप्रिय केला. खोक्यात पाच कप्पे पाडा. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्याला, चौथा दोन आठवड्यांनी, पाचवा महिन्याने. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. रोज दहा मिनिटं पुरतात. हेच काम अंकी नावाचं सॉफ्टवेअर संगणकावर मोफत करतं, पण लहान मुलांना कार्ड स्वतःच्या हाताने पुढे सरकवणं अधिक आवडतं.

विज्ञान: विकतचा संच नको, मोजमाप हवं

प्रयोगाच्या तयार संचात बहुतेक वेळा फेस येतो, रंग बदलतो आणि खेळ संपतो. विज्ञान शिकायचं तर मोजायला हवं, एका वेळी एकच गोष्ट बदलायला हवी आणि आधी अंदाज लिहायला हवा. यासाठी एक दोरी पुरते.

दोरीला एखादं वजन बांधून लंबक टांगा. गाठीपासून वजनाच्या मध्यापर्यंत एक मीटर लांबी ठेवा. थोडंसं ओढून सोडा आणि दहा आंदोलनांना किती सेकंद लागतात ते मोजा. एक पूर्ण आंदोलन म्हणजे जाऊन परत येणं. वीस सेकंदांच्या आसपास उत्तर येईल, म्हणजे एका आंदोलनाला दोन सेकंद. आता मुलाला विचारा: वजन दुप्पट केलं तर? बहुतेक मुलं म्हणतात, जोरात हलेल. अंदाज लिहून घ्या, मग मोजा. वेळ तीच येते. नंतर दोरी अर्धी केली तर? मूल म्हणतं, वेळ अर्धा. मोजा: चौदाच्या आसपास सेकंद. पाव मीटर केली की दहा सेकंद. लांबी चौथाई, वेळ अर्धा. थोरल्या मुलाकडून लांबी आणि वेळ यांचा आलेख काढून घ्या, आणि वर्गमूळ त्याला तिथे भेटू द्या. एका दोरीवर पूर्ण आठवडा जातो, आणि जाऊ द्यावा.

उघड्यावर एक काठी सरळ उभी रोवा. सकाळपासून दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाला खूण करा. सगळ्यात आखूड सावली पडते ती तुमच्या जागेची खरी दुपार, आणि त्या सावलीची रेघ उत्तर-दक्षिण असते. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने अशाच सावलीवरून पृथ्वीचा घेर काढला. उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी इजिप्तमधल्या सायेनी गावात भर दुपारी सूर्य डोक्यावर असे, तर उत्तरेला अलेक्झांड्रियात तो वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका कललेला दिसे. म्हणजे दोन शहरांमधल्या अंतराची पन्नासपट म्हणजे पृथ्वीचा घेर. दूरच्या गावात राहणाऱ्या ओळखीच्या कुटुंबाने त्याच दिवशी काठी रोवली तर तुमची मुलंही हे करू शकतात. दोन गावं शक्यतो एकमेकांच्या उत्तर-दक्षिणेला हवीत.

रोज रात्री चंद्राचं चित्र महिनाभर काढणं, बी ओल्या कापडात ठेवून मूळ मोजणं, मेणबत्तीच्या ज्योतीचं निरीक्षण यांनाही काही लागत नाही. मायकेल फॅरेडेंनी १८६० च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती. फॅरेडे लोहाराचा मुलगा. चौदाव्या वर्षी ते पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवारीला लागले आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचून विज्ञान शिकले. ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. ज्योत पेटवताना मात्र मोठं माणूस जवळ हवंच.

जे घरी करता येत नाही, जसं विद्युत परिपथ किंवा रेणूंची हालचाल, त्यासाठी फेट ही कोलोरॅडो विद्यापीठाची मोफत सदृशीकरणं, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, आहेत. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी ती २००२ मध्ये सुरू केली. आकाशासाठी स्टेलेरियम, हे तारे-ग्रह पडद्यावर दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर.

बाकीचे विषय

इतिहास आणि भूगोल यांना सुरुवातीची काही वर्षं वेगळं पुस्तक नको. भिंतीवर कागदाची लांब पट्टी लावा आणि वाचनात जो कुणी भेटेल त्याचं नाव सालाच्या जागी लिहीत जा. आठवड्यातून एकदा नकाशा पाहून, मग न पाहता काढायचा. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारून लिहून घ्यायचं. प्रोग्रॅमिंगसाठी एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये तयार झालेलं स्क्रॅच पुरेसं आहे, आणि ते इंटरनेटशिवायही चालतं. संगीत किंवा एखादी कला मात्र शिकवणाऱ्या माणसाकडूनच शिकावी. तिथे पैसे खर्च झाले तरी चालतील.

इंटरनेट आणि छपाई

दोन्हींचा खर्च हळूहळू आणि नकळत वाढतो. जुना संगणक लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली टाकून चांगला चालतो. किविक्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर विकिपीडिया आणि इतर संग्रह उतरवून ठेवतं, मग वाचायला जोडणी लागत नाही. ग्रंथालयात वायफाय असेल तर आठवड्याचे व्हिडिओ तिथेच उतरवा. ज्या पानावर मूल लिहिणार आहे तेवढंच पान छापा, बाकीचं पडद्यावरून वाचा. सरावाचं पान पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पुसता येणाऱ्या पेनाने सोडवलं तर ते वर्षानुवर्षं पुरतं.

एक सावधगिरी मनापासून सांगते. फुकट साहित्य इतकं आहे की त्याच्या शोधातच संध्याकाळ जाते. प्रत्येक विषयाला एक मुख्य साधन ठरवा आणि तीन महिने ते बदलू नका.

एकापेक्षा जास्त मुलं, आणि सोबत

भाषा आणि गणित प्रत्येकाचं वेगळं, बाकी सगळं एकत्र. सकाळी सगळ्यात धाकट्याला आधी पंधरा मिनिटं पूर्ण लक्ष द्या. तो मग स्वतःच्या खेळात रमतो, आणि तुम्हाला थोरल्याजवळ बसता येतं. त्याच प्रयोगात धाकटा मोजतो, मधला तक्ता भरतो, थोरला आलेख काढतो.

मुलांना बरोबरीची मुलं हवीतच, आणि हे आपोआप होत नाही. तीन-चार कुटुंबं मिळून आठवड्यातला एक दिवस वाटून घ्या. एका घरी विज्ञान, एकीकडे चित्रकला, एकीकडे इंग्रजी संभाषण. पैशांऐवजी तास मोजा: तुम्ही दोन तास दिलेत, तुम्हाला दोन तास मिळतील. मुलांबरोबर कोणते मोठे असतील, ने-आण कोण करेल, आजारपणात काय करायचं हे सुरुवातीलाच लिहून ठरवा. शाळेत जाणाऱ्या मित्रांशी मैत्रीही तुटू देऊ नका. त्यांच्या सुट्टीची वेळ आपली मोकळी ठेवली की झालं.

नोंदी

एक वही. रोज तारीख घालून तीन-चार ओळी: काय वाचलं, गणितात काय घेतलं, बाहेर कुठे गेलो. दर महिन्याला लेखनाचा एक नमुना, गणिताचं एक पान आणि एखाद्या प्रयोगाची नोंद फाइलमध्ये लावा, चांगलं निवडून नव्हे, जसं असेल तसं. वर्षाच्या सुरुवातीचं पान आणि शेवटचं पान शेजारी ठेवलं की प्रगती दिसते. तपासायला कुणी आलं किंवा मूल शाळेत परत गेलं तर याच फाइलवरून त्याची इयत्ता ठरवायला मदत होते.

पैसा कुठे सोडावा

काटकसर करताना काही ठिकाणी हात आखडता घेऊ नये. चांगला उजेड, योग्य उंचीचं टेबल, भरपूर कोरा कागद. सतत प्रयत्न करूनही सात-आठ वर्षांच्या मुलाला अक्षरं जुळवता येत नसतील तर तज्ज्ञाकडून तपासणी, कारण वाचनाची अडचण लवकर कळली तर मदत सोपी होते. नववी-दहावीच्या पातळीचा एखादा विषय जो तुम्हाला स्वतःला येत नाही, त्यासाठी आठवड्यातून एक तास शिकवणी. बाकीचे दिवस मुलाने स्वतः सराव करायचा. आणि परीक्षेचं शुल्क.

दर तीन महिन्यांनी बसून पाहणी करा, शक्य असेल तर घरातल्या सगळ्यांसोबत. पहिल्या महिन्यात लिहिलेलं पान काढा आणि त्यातलं काय जमलं त्यावर खूण करा. मुलाला विचारा: काय आवडतं, काय नकोसं वाटतं, कुणाला भेटावंसं वाटतं? स्वतःला विचारा: झोप मिळते का, चिडचिड वाढली आहे का, घरखर्चाची ओढाताण अभ्यासाच्या वेळात शिरते का? सलग दोन तिमाही मूल पुढे सरकलं नसेल, किंवा तुमच्याकडे त्याला द्यायला रोजचा एक तासही उरत नसेल, तर शाळेत परत पाठवण्याची तयारी सुरू करा: फाइल घेऊन मुख्याध्यापकांना भेटा, प्रवेशाच्या तारखा विचारा, आणि जिथे मूल मागे आहे तेवढाच भाग प्रवेशापर्यंत रोज घ्या. संध्याकाळचं मोठ्याने वाचन आणि 'आता तू सांग' शाळा सुरू झाल्यावरही चालू ठेवता येतं.